एबू व्हेलची गाडी : ४६ वर्षं बंद पडलेला फाटा परत कसा सुरू झाला?

न्यूपोर्टकर · शनिवार, रात्री ९.१२

वेल्समधल्या न्यूपोर्टला राहायला येऊन पाच वर्षं झाली, पण वर डोंगरात जाणाऱ्या गाडीत आज पहिल्यांदा बसलो. न्यूपोर्ट ते एबू व्हेल, साधारण ३० किलोमीटर. इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी एक डब्ल्यू येऊन बसलाय, त्यामुळे पहिलं वर्षभर मी 'एब्व' की काय म्हणायचो आणि ऑफिसातले लोक सभ्यपणे खाली बघायचे. उच्चार सरळ आहे, एबू. नदीचं नाव.

दोन डब्यांची डिझेल गाडी. पाय कॉर्नर, रॉजरस्टोन, रिस्का, क्रॉसकीज करत वर जाते. क्रॉसकीजनंतर खोरं इतकं अरुंद होतं की नदी, रूळ आणि रस्ता एकमेकांना खेटून चालतात आणि घरं बिचारी उतारावर चढून बसलेली. एकाला एक चिकटलेल्या घरांच्या लांबच लांब रांगा. चाळ आडवी करून डोंगराला टेकवली तर कशी दिसेल, तशा.

समोर एक आजीबाई बसल्या होत्या. मी खिडकीतून फोटो काढतोय बघून म्हणाल्या, "ही गाडी बंद झाली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. परत सुरू झाली तेव्हा माझं पेन्शन सुरू झालं होतं." एवढं बोलून रिस्काला उतरून गेल्या.

घरी येऊन शोधाशोध केली. प्रवासी गाड्या ३० एप्रिल १९६२ ला बंद झाल्या, ६ फेब्रुवारी २००८ ला परत धावल्या. पावणेशेहेचाळीस वर्षं! एवढ्या काळात रुळांवर घरं उभी राहतात, मॉल येतात. इथे ते झालं नाही. का झालं नाही, यावर जाणकारांनी लिहावं. मला जे सापडलं ते खाली टाकत जाईन.

शंकासुर · शनिवार, रात्री ९.४०

का बंद झाली यात शोधण्यासारखं काय आहे? डॉ. बीचिंगची कुऱ्हाड. ब्रिटनमधल्या कुठल्याही बंद फाट्याचा खुनी एकच.

न्यूपोर्टकर · शनिवार, रात्री १०.०५

मलाही तेच वाटलं होतं. पण बीचिंगचा अहवाल मार्च १९६३ चा. २,३६३ स्थानकं बंद करा असं सांगणारा तोच. हा फाटा त्याच्या ११ महिने आधीच बंद झालेला होता. अहवालात नावच नाही, कारण मेलेल्याला फाशी कोण देणार.

शंकासुर · शनिवार, रात्री १०.११

बीचिंग १९६१ पासूनच रेल्वे चालवणाऱ्या ट्रान्सपोर्ट कमिशनचा अध्यक्ष होता. तेव्हा अहवाल नसेल, माणूस खुर्चीत होताच. :)

आकडेमोड · शनिवार, रात्री ११.२०

शंकासुरांचा मुद्दा तारखेपुरता बरोबर आहे, पण या खोऱ्यांतली पडझड त्याच्याही आधी सुरू झाली होती. खोऱ्यांच्या माथ्यावरून आडवी जाणारी मर्थर ते अ‍ॅबरगेवनी लाइन जानेवारी १९५८ मध्येच बंद झाली, तेव्हा बीचिंग रेल्वेत आलाही नव्हता.

साऊथ वेल्सच्या खोऱ्यांतल्या लाइनी बांधल्या गेल्या त्या कोळसा आणि लोखंड खाली बंदरावर आणायला. माणसं हा जोडधंदा. आपल्या फाट्याचंच बघा. आधी मॉनमथशायर कॅनॉल कंपनी. १७९० च्या दशकात तिने कालवा खोदला, कालव्याला जोडणाऱ्या घोड्यांच्या ट्रामलाइनी टाकल्या. मग त्याच ट्रामलाइनींचे रूळ भक्कम करून इंजिनं आली, कंपनीच्या नावात 'रेल्वे' घुसलं आणि १८५२ मध्ये एबू व्हेलपर्यंत प्रवासी गाडी गेली. म्हणजे बोरीबंदर-ठाणेच्या आदल्या वर्षी. १८८० मध्ये ग्रेट वेस्टर्नने कंपनी गिळली.

कालव्याच्या आणि घोड्यांच्या वाटेवरून लाइन गेली म्हणून ती पार तळातून जाते. वस्ती मात्र उतारावर वाढत गेली. १९५० च्या दशकात बस घराच्या दारात थांबायला लागली. स्टेशन गाठायचं तर खाली उतरा, परत येताना चढा, आणि पाऊस आहेच. बसपुढे पॅसेंजर गाडी टिकली नाही, यात नवल नाही. शिवाय पॅसेंजर चालवायची म्हणजे मालगाड्या थांबवून ठेवायच्या, आणि पैसा मालगाड्यांत होता.

दौंडचा_गार्ड · रविवार, सकाळी ६.३५

नमस्कार मंडळी. ३४ वर्षं गार्डाच्या डब्यातून जग बघितलं, त्यामुळे अशा धाग्यावर राहवत नाही.

न्यूपोर्टकर साहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आकडेमोड यांच्या शेवटच्या वाक्यात आलंय बघा. 'मालगाडी'. पॅसेंजर बंद झाली म्हणून लाइन बंद झाली असं होत नाही. वर कारखाना चालू असला तर रूळ चालू. रूळ चालू तर ते सांभाळणारी गँग चालू, पूल बघितले जातात, झाडं तोडली जातात, कुणी कुंपण सरकवून परसात वांगी लावत नाही. रुळावर गंज चढला की चार वर्षांत रान माजतं, हे मी स्वतः बघितलंय. तेव्हा मला सांगा, एबू व्हेलला वर काय होतं?

न्यूपोर्टकर · रविवार, सकाळी ९.५०

काका, अगदी बरोबर पकडलंत. वर पोलादाचा कारखाना होता, आणि साधासुधा नाही.

अठराव्या शतकाच्या शेवटी लोखंडाच्या भट्ट्या लागल्या तिथून सुरुवात. १९२९ च्या मंदीत कारखाना बंद पडला आणि अख्खं गाव बेकार झालं. मग १९३० च्या दशकाच्या शेवटी तो नव्याने उभा राहिला. पत्र्याचा अखंड पट्टा गरम लाटून काढणारी ब्रिटनमधली पहिली मिल १९३८ मध्ये इथे चालू झाली. म्हणजे बंद पडून परत सुरू होण्याचा या गावाला अनुभव होता, फक्त रेल्वेचा नव्हता.

आता गंमत बघा. १९६२ मध्येच, प्रवासी गाड्या बंद झाल्या त्याच वर्षी, खाली न्यूपोर्टजवळ सपाटीवर लॅनवर्नचा नवा प्रचंड कारखाना सुरू झाला. परदेशी खनिज बोटीने येणार असेल तर ते डोंगरावर चढवायचं कशाला? १९७० च्या दशकात एबू व्हेलच्या भट्ट्या थंड झाल्या. पण कारखाना उरला. खालून पत्र्याची भेंडोळी मालगाडीने वर जायची, तिथे त्यांना कल्हई व्हायची, आणि डब्यांसाठीचा पत्रा होऊन खाली यायची. ही ये-जा थेट जुलै २००२ पर्यंत चालली.

म्हणजे प्रवाशांच्या दृष्टीने ४६ वर्षं मेलेली लाइन रेल्वेच्या दृष्टीने जेमतेम साडेपाच वर्षं रिकामी होती.

दौंडचा_गार्ड · रविवार, सकाळी १०.०२

तेच म्हणतो. साडेपाच वर्षं म्हणजे काहीच नाही. रूळ गंजले असतील, मेले नसतील.

डॉक्टरांची_लेक · रविवार, दुपारी १.१५

हा धागा वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं.

माझे बाबा १९७० च्या सुरुवातीला पुण्याहून इंग्लंडला आले आणि काही वर्षांनी लानहिलेथला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणून रुजू झाले. एबू व्हेलच्या अलीकडचं गाव. त्या काळी खाणींच्या खोऱ्यांत दवाखाना चालवायला इथले डॉक्टर फारसे उत्सुक नसत, त्यामुळे खोऱ्याखोऱ्यांत भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी डॉक्टर दिसायचे. अन्युरिन बेव्हन याच भागाचा खासदार, शेजारच्या ट्रेडिगरचा. त्याने उभारलेल्या आरोग्यसेवेचा दवाखाना त्याच्याच खोऱ्यात पुण्याचा माणूस चालवत होता, याचं बाबांना फार अप्रूप. बेव्हनचा फोटो दवाखान्यात आणि गणपती घरात.

लहानपणी मला वाटायचं की गाडी ही वस्तू माणसांसाठी नसतेच. गाडी म्हणजे कोळसा आणि पत्रा. दिवसातून कितीतरी वेळा खालून जायची, खिडकीच्या काचा थरथरायच्या. जवळच क्वम गावची मरीन कोलियरी चालू होती, ती १९८९ मध्ये बंद झाली, एबू खोऱ्यातली शेवटची खोल खाण. बाबांचे बरेचसे पेशंट तिथले. खोकत खोकत येणारे. गाडी गेली की तपासणी थांबायची, कारण स्टेथोस्कोपमध्ये छातीऐवजी मालगाडी ऐकू यायची.

पेशंटमधली म्हातारी मंडळी गाडीच्या आवाजावरून वेळ सांगायची. एकदा एका आजोबांना मी विचारलं, की ही गाडी आपल्याला का घेत नाही? ते म्हणाले, "घ्यायची. तुझ्या आधी." मला ते खरं वाटलं नव्हतं.

आकडेमोड · रविवार, दुपारी १.४०

स्टेथोस्कोपमध्ये मालगाडी! ताई, हा स्वतंत्र लेख होऊ द्या.

वऱ्हाडी_ठेचा · रविवार, दुपारी २.०८

आमच्या शकुंतलेचं बी असंच म्हना ना भाऊ. मूर्तिजापूर-यवतमाळ. थे बी इंग्रजाच्या कंपनीचीच. पन आमच्याकडं ना मालगाडी रायली ना पॅसेंजर. रूळ हायेत, त्याहीवर बकऱ्या.

शंकासुर · रविवार, दुपारी २.३०

शकुंतलेवर वेगळा धागा काढा ठेचा भाऊ, तिथे भांडू. इथे वेल्स चालू द्या.

माझा मूळ आक्षेप असा, की कारखाना २००२ ला बंद झाला, लोक बेकार झाले, आणि उपाय काय शोधला तर रेल्वे. कुठे जायला? इथे नोकरी नाही, तर कार्डिफला जाऊन करा. ही गाडी गावाला जोडत नाही, गाव रिकामं करते. सकाळी माणसं खाली न्यायची, रात्री झोपायला वर सोडायची.

न्यूपोर्टकर · रविवार, सायंकाळी ५.२५

शंकासुर, आक्षेपात तथ्य आहे. पण रेल्वे नसती तर माणसं वर थांबली असती असं नाही, कायमची खाली गेली असती. घरं वर स्वस्त आहेत. काल गाडीत माझ्या डब्यात दोन मुली कार्डिफच्या कॉलेजच्या गप्पा मारत होत्या. मोटार नसलेल्या माणसाला एबू व्हेलहून कार्डिफ ही मोहीम होती, आता तासाभराचा प्रवास आहे. सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांतच प्रवासी अंदाजापेक्षा बरेच जास्त आले. अंदाज बांधणाऱ्यांनाही गाव रिकामंच वाटत होतं बहुतेक.

पैशाचं सांगतो. खर्च सुमारे ३ कोटी पौंड. वेल्सचं सरकार, युरोपियन युनियनचा मागास भागांसाठीचा निधी, आणि कोरस कंपनीने कारखाना बंद करताना भागाच्या पुनर्वसनासाठी ठेवलेला पैसा, असं मिळून. पुढाकार ब्लेनाय ग्वेंटच्या स्थानिक कौन्सिलचा, एबू व्हेल त्यातच येतं.

कोकणरेल्वेप्रेमी · रविवार, सायंकाळी ६.००

कोरस म्हणजे टाटा ना? म्हणजे टाटांनी कारखाना बंद केला आणि भरपाई म्हणून रेल्वे दिली?

आकडेमोड · रविवार, सायंकाळी ६.१७

नाही, हा घोळ फार लोक घालतात. कारखाना बंद केला कोरसने, २००२ मध्ये. टाटा स्टीलने कोरस घेतली २००७ मध्ये. एबू व्हेलच्या बंद होण्याशी टाटांचा संबंध नाही. फक्त असं झालं, की २००८ मध्ये पहिली गाडी सुटली तेव्हा कोरसचा मालक मुंबईत बसलेला होता. वेल्समधल्याच पोर्ट टॅलबटच्या पोलाद कारखान्याच्या भट्ट्या २०२४ मध्ये बंद झाल्या, ते टाटांच्या काळात. तो विषय वेगळा, आणि इथे काढलात तर धागा तीन पानं लांबेल.

शंकासुर · रविवार, सायंकाळी ६.४४

युरोपियन युनियनचा निधी म्हणालात म्हणून आठवलं. २०१६ मध्ये याच ब्लेनाय ग्वेंटने ६२ टक्के मतं बाहेर पडण्याच्या बाजूने दिली. वेल्समध्ये सगळ्यात जास्त. ज्यांनी रुळाला पैसे दिले त्यांनाच नारळ!

डॉक्टरांची_लेक · रविवार, रात्री ८.१०

शंकासुर, हा टोमणा इथे वर्तमानपत्रांनी इतका वापरलाय की आता बोथट झालाय. मी त्या लोकांत वाढले म्हणून सांगते. पोलादाच्या कारखान्यात बापाला, आजाला पगार मिळत होता. त्या बदल्यात कॉलेजची इमारत, रस्ता आणि रेल्वे मिळाली. पगाराच्या जागी इमारत दिली की माणूस कृतज्ञ होत नाही. मी त्या मताचं समर्थन करत नाहीये, माझं मत दुसरीकडे होतं. पण 'निमकहराम' हा सूर नको.

शंकासुर · रविवार, रात्री ८.२२

सूर मागे घेतो, ताई. आकडा राहू देतो.

दौंडचा_गार्ड · रविवार, रात्री ९.०५

राजकारण झालं असेल तर गाडीकडे वळू. न्यूपोर्टकर, तुम्ही म्हणता मुली कार्डिफला जात होत्या. मग तुम्ही न्यूपोर्टहून कसे बसलात? आणि लाइन सिंगल की डबल? क्रॉसिंग कुठे होतं?

न्यूपोर्टकर · रविवार, रात्री १०.३०

काका, येताना मी कार्डिफच्या गाडीत बसलो, रॉजरस्टोनला उतरून बसने घरी आलो. त्या मुली परतीच्या गाडीतल्या.

आणि हा प्रश्न विचारलात म्हणजे या लाइनीचं दुखणं नेमकं दाबलंत. खोऱ्याची नदी न्यूपोर्टला उतरते, कालवा न्यूपोर्टचा, जुनी लाइन न्यूपोर्टची, लोकांची सोयरीक आणि बाजार न्यूपोर्टचा. आणि २००८ मध्ये गाडी सुरू झाली ती न्यूपोर्टला वळसा घालून थेट कार्डिफला! न्यूपोर्टच्या हद्दीत येऊन गाडी पश्चिमेकडे वळायची. मुख्य स्टेशन तिथून हाकेच्या अंतरावर.

न्यूपोर्टची गाडी पण देऊ, हे आश्वासन सुरुवातीपासून होतं. पण वरचा बराचसा भाग सिंगल लाइन, रिस्का-क्रॉसकीजच्या आसपास तेवढा डबल तुकडा. बाकी हिशेब तुम्हीच मांडा.

दौंडचा_गार्ड · सोमवार, सकाळी ६.२०

मांडतो. झोप तशीही लवकर उघडते.

एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तासाभराचा पल्ला, मध्ये क्रॉसिंगची एकच जागा. वर जाणारी गाडी तिथे पोहोचते तेव्हा खाली येणारी तिथे आलेली पाहिजे. तासाला एक गाडी वर, एक खाली, हे छान बसतं. एक गाडी पाच मिनिटं उशिरा आली की समोरचीही पाच मिनिटं उशिरा, म्हणजे दुखणं एकाचं आणि ताप दोघांना. आता तासाला दुसरी गाडी घालायची तर ती क्रॉस कुठे करणार? वर आणखी एक डबल तुकडा टाकल्याशिवाय ब्रह्मदेवालाही जमणार नाही. पैसे वाचवायला सिंगलवर लाइन सुरू केली असणार. तेव्हा तीन कोटीत भागलं, नंतर दुप्पट भरावे लागले असतील. आमच्याकडेही हाच खेळ चालतो.

आकडेमोड · सोमवार, सकाळी ९.३०

काका, दंडवत. दुप्पट नाही, दुपटीच्या वर. लानहिलेथ-न्यूब्रिज भागात दुसरा रूळ, दोन्ही स्थानकांवर दुसरा फलाट, सिग्नल, या सगळ्याला वेल्स सरकारने ७ कोटी पौंड घातले. मूळ लाइन सुरू करायला लागले त्यापेक्षा जास्त.

क्रम असा आहे : डिसेंबर २०२१ पासून न्यूपोर्टहून गाडी सुरू, पण क्रॉसकीजपर्यंतच, कारण डबल तुकडा तिथेच संपत होता. वरचं काम झाल्यावर १ फेब्रुवारी २०२४ पासून न्यूपोर्ट ते एबू व्हेल थेट. आता वरच्या टोकाहून तासाला दोन गाड्या, एक कार्डिफला आणि एक न्यूपोर्टला. १९६२ मध्ये जी गाडी बंद झाली ती न्यूपोर्टची होती. तेव्हा धाग्याच्या शीर्षकातली ४६ वर्षं खरं तर चुकीची आहेत. खरी गाडी परत यायला जवळपास ६२ वर्षं लागली.

न्यूपोर्टकर · सोमवार, सकाळी ९.५८

शीर्षक बदलायची सोय असती तर बदललं असतं. _/\_

कोकणरेल्वेप्रेमी · सोमवार, दुपारी १२.१५

वेल्समध्ये अशी ही एकच लाइन आहे का?

आकडेमोड · सोमवार, दुपारी १२.५०

नाही. अ‍ॅबरडेअर १९६४ ला बंद, १९८८ ला सुरू. मायस्टेग १९७० ला बंद, १९९२ ला सुरू. समुद्राकडची व्हेल ऑफ ग्लॅमॉर्गन लाइन १९६४ ते २००५. सगळीकडे साधारण एकच कथा आहे, कोळसा किंवा कारखान्यासाठी रूळ शिल्लक होते.

अ‍ॅबरडेअरसारख्या लाइनी आता 'कोअर व्हॅली लाइन्स' म्हणून २०२० मध्ये वेल्स सरकारच्या ताब्यात गेल्या आणि तिथे वीज आली. एबू व्हेल त्या यादीत नाही, ती अजून ब्रिटनभरचे रूळ सांभाळणाऱ्या नेटवर्क रेलकडेच आहे, म्हणून अजून डिझेल.

शंकासुर · सोमवार, दुपारी १.२०

आणि ज्यांचे रूळ शिल्लक नव्हते त्यांचं काय झालं? तेही सांगा. यशोगाथा वाचून मला अपचन होतं.

न्यूपोर्टकर · सोमवार, सायंकाळी ७.४०

सांगतो, कारण तीही जागा याच प्रवासात लागते. दोन जागा, खरं तर.

पहिली अबरबीग. इथे लाइनीला दोन फाटे होते. डावीकडचा एबू व्हेलला, उजवीकडचा अबरटिलरी, ब्लेना करत ब्रिनमॉरला. दोन्हीकडच्या प्रवासी गाड्या १९६२ मध्ये एकाच दिवशी बंद झाल्या. डावीकडे पोलाद कारखाना, म्हणून रूळ राहिले. उजवीकडे कोळसा. सिक्स बेल्सची खाण याच फाट्यावर, जिथे २८ जून १९६० च्या स्फोटात ४५ जण गेले. एकेक खाण बंद झाली तसे रूळ उखडले, त्या वाटेवर रस्ता आणि पायवाट आली. अबरटिलरीचे लोक आजही गाडी मागतायत. तोड फक्त दोन-तीन मैलांची आहे, तरी कागदावरून पुढे सरकत नाही.

दुसरी जागा क्रमलिन. न्यूब्रिज सोडलं की दोन्ही बाजूंच्या डोंगरात, खूप वर, दगडी बांधकामाचे दोन तुकडे दिसतात, समोरासमोर, मधे काही नाही. तिथे लोखंडी पूल होता. १८५७ मध्ये बांधलेला, २०० फूट उंच, त्या काळी ब्रिटनमधला सगळ्यात उंच रेल्वे पूल. आपली गाडी तळातून, आणि तिच्या डोक्यावरून खोरं आडवं ओलांडणारी दुसरी गाडी, पाँटीपूल ते नीथ. ती लाइन जून १९६४ मध्ये बंद झाली. पाडायच्या आधी तिथे हॉलिवूडच्या एका सिनेमाचं शूटिंग झालं आणि १९६६-६७ मध्ये पूल भंगारात गेला. आता कितीही पैसे असले तरी ती गाडी येत नाही. खालून जाताना मान वर करून बघितलं तर फक्त आकाश.

दौंडचा_गार्ड · सोमवार, रात्री ८.०५

दोनशे फुटांवरून गार्डाच्या डब्यातून खाली बघायला काय वाटत असेल! पाऊस आणि वारा असला तर विचारूच नका.

डॉक्टरांची_लेक · सोमवार, रात्री ९.३०

क्रमलिनच्या पुलाची चित्रं बाबांच्या पेशंटांच्या घराघरांत असायची. पूल नव्हता, चित्र होतं. मी शाळेत त्याचं चित्र काढून बक्षीस मिळवलंय, न बघितलेल्या पुलाचं.

एबू व्हेलला स्टेशन नेमकं कुठे आहे आता? कारखान्याच्या जागी काय आहे? आमच्या वेळी ती भिंत संपायचीच नाही.

न्यूपोर्टकर · सोमवार, रात्री १०.१५

२००८ मध्ये गाडी गावाच्या अलीकडे 'पार्कवे' नावाच्या स्टेशनपर्यंतच जात होती, गाव तिथून बरंच लांब. मोटार लावा आणि गाडीत बसा, असा विचार. (ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांच्यासाठी काढलेली गाडी मोटार लावायच्या जागेपाशी संपत होती. हे सुचलं कुणाला देव जाणे.) मे २०१५ मध्ये लाइन पुढे वाढवून 'एबू व्हेल टाउन' स्टेशन झालं, ते जुन्या कारखान्याच्या जागेवरच. भिंत गेली, ताई. तिथे आता शाळा, कॉलेज आणि बेव्हनच्या नावाचं हॉस्पिटल आहे. कारखान्याच्या ऑफिसची जुनी घड्याळाची इमारत तेवढी ठेवली आहे.

पण बाजारपेठ वर टेकाडावर. म्हणून स्टेशनच्या भागातून वर जायला उतारावर चालणारी लिफ्ट केली, तीही २०१५ मध्ये. आकडेमोड यांनी वर लिहिलं ना, स्टेशन तळात आणि वस्ती वर, म्हणून गाडी बसपुढे हरली. दीडशे वर्षांनी त्यावर हा उपाय.

शंकासुर · सोमवार, रात्री १०.४०

लिफ्ट आवडली. बाकी माझं मत कायम.

डॉक्टरांची_लेक · मंगळवार, सकाळी ८.२०

बाबा आता ८१ वर्षांचे आहेत, मुलाकडे म्हणजे माझ्या भावाकडे बर्मिंगहॅमला असतात. काल रात्री त्यांना हा अख्खा धागा फोनवर वाचून दाखवला. स्टेथोस्कोपची गोष्ट मी तिखटमीठ लावून सांगितली असं त्यांचं म्हणणं. तपासणी थांबायची नाही, फक्त ते पेशंटला म्हणायचे, "आता श्वास धर, गाडी जाऊ दे."

निवृत्तीनंतर ते खोऱ्यात गेलेलेच नाहीत. मे महिन्यात घेऊन येईन म्हणते. मोटारीने नको, गाडीनेच जाऊ, असं तेच म्हणाले. न्यूपोर्टकर, क्रमलिनचे ते दगडी तुकडे बघायचे तर कुठल्या बाजूला बसू? आणि खाणकामगारांच्या इन्स्टिट्यूटची इमारत आहे का अजून?

न्यूपोर्टकर · मंगळवार, सकाळी ८.४५

दोन्ही बाजूंना एकेक आहे, त्यामुळे समोरासमोर बसा, एकेकाने एकेक बघा. इन्स्टिट्यूट आहे, छान डागडुजी केलेली, स्टेशनच्या जवळच. तारीख कळवा, न्यूपोर्टच्या फलाटावर येतो. पोहे आणि चहा माझ्याकडून.

डॉक्टरांची_लेक · मंगळवार, सकाळी ८.५१

लानहिलेथला ती थांबते ना पण? बाबा तीनदा विचारतायत.

न्यूपोर्टकर · मंगळवार, सकाळी ८.५३

थांबते. वर जाताना आणि खाली येतानाही.